लेबल छापण्यापूर्वी

चि. स,

अनेक आशीर्वाद.

आगळ, कोकम सरबत आणि आंबापोळीच्या लेबलांचे तू पाठवलेले नमुने मी बारकाईने पाहिले. मांडणी सुंदर आहे; परंतु तुला न ओळखणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी हा कागद म्हणजेच तुझे दुकान आणि तुझा शब्द असतो, म्हणून त्यावरील मजकूर पुन्हा लिहावा असे मला मनापासून वाटते.

आगळाचेच पाहा. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मिठात काढलेला हा रस कोकणी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, पण घाटावरची अनेक मंडळी लेबलावरचा लालभडक पेला पाहून त्याला गोड सरबतच समजतील, पाण्यात ओतून पितील, खारट लागताच माल बिघडला आहे असे ठरवतील आणि तसे चार जणांना सांगतील. माल चोख असूनही अशा वेळी नाव जाते ते चित्रापायी. तेव्हा पेल्याच्या जागी सोलकढीची वाटी दाखव, हा रस खारट असून पातळ करून वापरायचा आहे हे पुढच्याच बाजूस ठळक लिही, आणि तळाशी गाळ बसतो म्हणून बाटली हलवून घ्यावी हेही सांग. छायाचित्रातला रंगही बाटलीतल्या रंगाइतकाच ठेव; तो अधिक भडक दिसला की कृत्रिम रंगाची शंका येते, आणि ती दूर करणे फार कठीण असते.

‘अस्सल’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ हे शब्द मी खोडले आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी अशा शब्दांच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत, आणि तसेही सगळेच ते छापत असल्याने त्यांवर कोणी थांबत नाही. जुन्या दुकानांवरील ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी मला म्हणूनच मोलाची वाटते: तिच्यात एकही विशेषण नाही, पण पडताळून पाहता येईल असे एक विधान आहे. रातांबे कोणत्या गावचे, साखर किती, टिकाऊपणासाठी काही घातले आहे का, हे तू तितक्याच सरळपणे सांगू शकतोस.

आंबापोळीवर ‘हापूस’ लिहिताना विशेष जपून राहा. २०१८ मध्ये या नावाला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रसात दुसरा आंबा मिसळत असशील, तर नुसते ‘आंबापोळी’ पुरे.

पत्ता, परवाना क्रमांक आणि तक्रारीसाठीचा फोन कोपऱ्यात बारीक टायपात ढकलू नकोस. नवख्या उद्योगाकडून वस्तू घेताना, काही बिनसले तर विचारायचे कोणाला, हे माणूस आधी शोधतो.

नवे प्रूफ आले की आगळ कधीही न पाहिलेल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला ते वाचायला दे, तिला काय समजले ते लिहून घे आणि दोन्ही मला पाठव. तोवर छपाईची ऑर्डर देऊ नकोस.

तुझा हितचिंतक