१९४४ नंतर ब्रिटनमध्ये विशेष शाळा आणि बालमार्गदर्शन केंद्रे यांचा कारभार कोणाकडे होता?

इंग्लंड आणि वेल्सपुरते सांगायचे तर, १९४४ च्या शिक्षण कायद्याने ही जबाबदारी स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर टाकली. दोन वर्षांवरील ज्या मुलांना विशेष शिक्षणाची गरज असेल, त्यांना हुडकून काढणे हे त्यांचे कर्तव्य ठरले आणि १९४५ च्या नियमांनी अशा मुलांचे ११ वर्ग पाडले. त्यांत अंध, बहिरी, अपस्मार असलेली यांच्याबरोबरच ‘जुळवून न घेऊ शकणारी’ मुलेही प्रथमच आली.

या शेवटच्या वर्गामुळे बालमार्गदर्शन केंद्रांचे काम वाढले. तिथे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार-समाजकार्यकर्ती असे तिघे मिळून एकेका मुलाचा विचार करीत: आत मूल खेळणी मांडून बसलेले असे, तर शेजारच्या खोलीत त्याची आई समाजकार्यकर्तीला घरची हकीगत सांगत असे. बिछाना ओला करणाऱ्या किंवा शाळेला घाबरणाऱ्या मुलाला शिक्षेऐवजी कोणीतरी समजून घेऊ लागले, हे मला फार मोलाचे वाटते. ‘जुळवून न घेऊ शकणाऱ्या’ मुलांविषयी सरकारने नेमलेल्या अंडरवुड समितीच्या १९५५ च्या अहवालाने ही सेवा वाढवण्याची आणि अशा मुलांना शक्यतो घरीच ठेवून उपचार करण्याची शिफारस केली.

मात्र तीव्र बौद्धिक अपंगत्वामुळे ज्यांना ‘शिक्षणास अपात्र’ ठरवले जाई, ती मुले शिक्षण खात्याच्या कक्षेबाहेर, आरोग्य यंत्रणेकडे जात. आईवडिलांच्या हाती तसे पत्र पडले की शाळेचा दरवाजा बंद होई, आणि हा अन्याय या मुलांनाही शिक्षण खात्याकडे आणणाऱ्या १९७० च्या कायद्यानंतर, एप्रिल १९७१ मध्ये दूर झाला.