नव्या फिश टँकचं पाणी किती दिवसांनी आणि किती बदलायचं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून परिस्थिती अशी दिसते: दोन फुटी टाकी, सहा लहान गोल्डफिश, दोन-एक आठवडे झाले. पाणी सारखं दुधाळ होतं म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून दर चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुताय. तरी दोन मासे गेले, उरलेले चार वर येऊन तोंड उघडझाप करतायत, आणि पाणी आणखी लवकर बदलायला हवं का, असं विचारताय.

पाणी हो, लवकर बदला. पण टाकी धुणं आजपासून बंद करा. तुमचे मासे त्या धुण्यामुळेच आजारी पडतायत.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही तोच तयार होतो. अमोनिया अगदी थोडा असला तरी कल्ले जाळतो. निसर्गात काही जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी. टाकीत हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही चौथ्या दिवशी स्पंज क्लोरीनच्या नळाखाली पिळता, म्हणजे जमलेले जीवाणूही जातात आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

दुधाळपणाला घाबरू नका. ते वेगळे जीवाणू, पाण्यात विरघळलेल्या खाण्यावर वाढणारे. टाकी धुतली नाही आणि खाणं कमी केलं की बहुतेक वेळा आपोआप निवळतं. पाणी पूर्ण बदललं की ते पुन्हा नव्याने वाढतात, म्हणून तुम्हाला ते 'सारखं होतं' असं वाटतंय.

आता मासे वर का येतात ते. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येईनासा होतो. हवेचा पंप धो धो चालू असला तरी मासा गुदमरतो. अमोनियाने कल्ले भाजले असतील तरीही लक्षण हेच. म्हणून अंदाज बांधत बसू नका, अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं थेंबांचं किट घ्या. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट जास्त भरवशाचं. माशांची औषधं, रंग उजळवायचे थेंब, पाणी चमकवायचे थेंब यांतलं काहीही त्याआधी घेऊ नका. निळं औषध (मेथिलीन ब्लू) तर मुख्य टाकीत टाकूच नका, ते फिल्टरमधल्या जीवाणूंनाही मारतं.

दोनपैकी एकही आकडा ०.२५ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) वर गेला की त्या दिवशी २५ ते ३० टक्के पाणी बदला. पहिले काही आठवडे हे रोज किंवा एक दिवसाआड करावं लागेल, चार गोल्डफिश म्हणजे घाण भरपूर. पाणी बदलल्याने जीवाणूंची वाढ थांबेल ही भीती नको, ते पाण्यात नसतातच. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे सुमारे ५७ लिटर, त्यातून खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपास. म्हणजे एका वेळी बारा-तेरा लिटर, एका मोठ्या बादलीपेक्षा कमीच. नायट्राइट दिसत असेल तर दहा लिटरला चहाचा एक सपाट चमचा साधं जाडं मीठ टाकीतल्याच मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला अडवतं. पुढच्या वेळी मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच, नाहीतर ते वाढत जाईल. टाकीत खरी झाडं असतील तर मीठ टाळा.

कुणाकडे चार-सहा महिने सुरळीत चाललेली, रोग नसलेली टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला जुना स्पंज, किंवा त्याचा तुकडा, मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये सरकवा. विरजण लावल्यासारखंच आहे हे. याने आठवडे वाचतात. मी नवी टाकी दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने सुरू करत नाही.

पाणी काढताना मगाने उपसू नका, वरचं स्वच्छ पाणी जातं आणि घाण खाली राहते. खडी धुवायची पाइप मिळते, एका टोकाला रुंद प्लास्टिकचं नळकांडं आणि पुढे मऊ नळी. बादली टाकीच्या खाली, जमिनीवर ठेवायची. पाइप टाकीत बुडवून पूर्ण पाण्याने भरायची, मोकळं टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढायचं, बादलीत सोडायचं. मग नळकांडं खडीत खुपसायचं. खडे आत गोल फिरतात, त्यांच्यामधून तपकिरी ढग वर चढतो आणि नळीतून निघून जातो. घाण संपून खडे नुसतेच फिरायला लागले की अंगठ्याने नळी दाबायची, खडे खाली पडतात, मग पुढची जागा. एका वेळी अर्धाच तळ करा, दुसरा अर्धा पुढच्या वेळी. बादलीतल्या त्याच मळकट पाण्यात महिन्यातून एकदा स्पंज दोन-तीनदा हलकेच पिळा आणि परत लावा. तपकिरी राहिला तरी चालेल, तो पांढरा करायचाच नाही. बादली आणि पाइप फक्त टाकीसाठी ठेवा, साबणाचा हात लागू देऊ नका. ते काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते आवडतं (मीठ घातलेलं असेल तेव्हा मात्र नको).

नव्या पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये खरी गंमत इथेच होते. पालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच हौदात पडतं. सोमवारी नळाला जे येतं ते शुक्रवारी येईलच असं नाही. काही शे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ठेवा आणि भरण्याआधी नवं आणि टाकीतलं, दोन्ही पाणी मोजा. आकड्यांत मोठा फरक दिसला तर त्या दिवशी बदल दहा टक्क्यांवर आणा. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच. त्यासाठी बाटलीवरच्या प्रमाणात अँटी-क्लोरीन बादलीत घाला. उघड्या बादलीत दिवसभर पाणी ठेवलं तरी साधं क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं उडत नाही, म्हणून थेंब घालणंच बरं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण दख्खनच्या काळ्या खडकातलं पाणी बहुधा जड आणि अल्कलीकडे झुकलेलं. गोल्डफिशला ते चालतं, गप्पी-मॉलींनाही आवडतं. मात्र पीएच (पाणी आम्लाकडे की अल्कलीकडे हे सांगणारा आकडा) जितका वर, तितका अमोनिया जास्त जहाल. पीएच सातवरून आठवर गेला की त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून बोअरच्या पाण्याच्या टाकीत किटवरचा आकडा छोटा दिसला तरी ढिलाई नको. नुसतं आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षार जवळपास नसतात, पीएच अचानक कोसळतो आणि जीवाणूंचंही काम मंदावतं. बोअरचा टीडीएस हजाराच्या पुढे असेल तरच त्यात थोडं आरओ मिसळा.

तापमानही सांभाळा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चहासारखं असतं आणि डिसेंबरच्या पहाटेचं हाडं गोठवणारं. बादली काही तास घरात ठेवली की दोन्ही पाणी एका पातळीवर येतं.

उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली जाते आणि लोक वरून भर घालतात. ती भर म्हणजे पाणी बदलणं नव्हे. उडतं ते फक्त पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात आणि दाट होत जातात. भर घालाच, पण ठरलेला बदल वेगळा करा.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आत्ता अमोनिया असेपर्यंत एक दिवसाआड पुरे. मासे तोंड वर करून मागत राहतील, गोल्डफिश नेहमीच मागतात, द्यायचं नाही. दिवा सात-आठ तास. हीटरची गोल्डफिशला गरज नाही.

आणि मासे किती ठेवायचे, हे स्पष्टच सांगतो. ४५ लिटरमध्ये चार गोल्डफिश फार होतात. आज ते बोटाएवढे आहेत, पण नीट वाढले तर वीतभर होतात. दुकानदार परत घेत असेल तर दोन देऊन टाका, आणि उरलेल्या दोघांसाठीही पुढे मोठी टाकी लागेल हे धरून चाला. गेलेल्या दोघांच्या जागी नवे आणू नका. काच साफ करायला म्हणून सकर फिश गळ्यात मारतील, तोही नको, तो फूट-दीड फूट वाढतो. नको झालेला मासा ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नका. या सकरने आपल्या देशातल्या कित्येक जलाशयांत ठाण मांडलंय.

घरात डासांचा फवारा मारत असाल तर टाकी झाका आणि हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा. त्यातली पायरेथ्रॉइड माशांसाठी जहर असतात आणि पंप तीच हवा पाण्यात ओढतो. पेस्ट कंट्रोल आणि घराच्या रंगकामालाही हेच. वीज गेली तर खाणं बंद ठेवा, मगाने थोडं पाणी वर घेऊन उंचावरून परत टाकीत ओतत राहा, म्हणजे हवा मिसळेल. वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा.

दोन्ही आकडे शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की टाकी बसली असं समजा. मग आठवड्यातून एकदा पाव टाकी बदलणं पुरतं, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली राहील इतकंच बघायचं. आज संध्याकाळी मात्र पाव टाकी बदला, आणि किट मिळालं की अमोनिया, नायट्राइट, पीएच हे तीन आकडे आणि तुमच्याकडे पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं येतं ते इथे खाली लिहा, म्हणजे प्रमाण नेमकं सांगता येईल.