एखाद्या शहराची ४० वर्षांतील वाढ, भूवापर आणि रस्त्यांवरील वाहतुकीतील बदल नकाशावर दाखवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

कोणतेही वापरा. क्यूजीआयएस मोफत आहे आणि या कामाला पुरेसे आहे. नकाशा खरा ठरेल की खोटा, हे मात्र सॉफ्टवेअर उघडण्याआधीच, उपग्रहचित्रे निवडताना ठरलेले असते.

नोकरीच्या सुरुवातीला मी अशाच एका प्रकल्पावर होतो. जुने उपग्रहचित्र लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या पहिल्या पिढीतील, सुमारे ८० मीटर विभेदनाचे (म्हणजे चित्रातील एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरचा) आणि शेतात पिके उभी असतानाचे होते. नवे ३० मीटरचे आणि कापणीनंतरचे. नांगरलेली कोरडी जमीन आणि बांधीव क्षेत्र यांचे प्रकाश-परावर्तन पुष्कळदा इतके सारखे असते की संगणकाचे स्वयंचलित वर्गीकरण दोन्हींना एकाच वर्गात टाकते. त्यामुळे शहराभोवती वाढीचे एक रुंद कडे उमटले, ज्यातील बराच भाग मोकळी शेते होती. अहवालात ज्यांना ‘नवे रस्ते’ म्हटले, त्यांतील अनेक जुनेच होते, फक्त ८० मीटरच्या चित्रात ते दिसत नव्हते. मी हे दाखवले, तेव्हा वरिष्ठांनी दोन्ही वर्गीकरणांची अचूकता ८५ टक्के असल्याचे सांगून विषय संपवला. दोन्हींतील चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही तारखांना वर्ग बरोबर असण्याची शक्यता सुमारे ७२ टक्केच उरते, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

म्हणून चित्रे एकाच ऋतूतील घ्या. लँडसॅटचा संग्रह २००८ पासून मोफत आहे आणि ३० मीटरची चित्रे १९८२ नंतरचीच आहेत. त्याआधीचे चित्र घ्यायचेच असेल, तर नव्या चित्राचे विभेदन जुन्याइतके खाली आणा. लँडसॅट ७ च्या चित्रांत मे २००३ नंतर पट्ट्यापट्ट्यांनी माहिती गहाळ आहे, तेही पाहा. अचूकता दोन वर्गीकरणांची वेगवेगळी नव्हे, तर बदलाच्या नकाशाचीच तपासा, आणि ‘बदल नाही’ असे दाखवलेल्या भागातूनही नमुने घ्या.

वाहतूक उपग्रहचित्रातून मिळत नाही. रस्त्याच्या रुंदीवरून ती काढणे मला मान्य नाही. जुन्या वाहनगणना शोधा, त्याच ठिकाणी आणि त्याच वारी व वेळी पुन्हा मोजणी करा, आणि वाहनप्रकारांचे मूळ आकडे जपून ठेवा, कारण त्यांचे प्रवासी कार एककांत (एक वाहन किती कारइतके, या मापात) रूपांतर करण्याचे गुणांक सगळीकडे आणि सर्व काळात सारखे नसतात.

जिथे शहराभोवती वर्षभर हिरवळ असते, तिथे ऋतूचा दोष कमी जाणवतो, आणि केवळ ढोबळ कल्पना हवी असेल, तर भूवापराचे तयार जागतिक नकाशेही चालतील.

पुढे त्या कड्यात खरोखरच वस्ती झाली आणि वरिष्ठांनी ते आपले समर्थन मानले. पण ती वाढ नंतरच्या दशकातील होती, आणि आमच्या नकाशाने ती आधीच्या दशकात दाखवली होती.