सात रांजण खड्यांचं काय झालं?

"मॅडम, माझी मुलगी जरा जास्तच कठोर आहे का हो?"

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि ही आई ओली छत्री हातात धरून अजून माझ्या समुपदेशनाच्या खोलीच्या दारातच उभी, बसायच्या आधीच प्रश्न. मागे तिची लेक, आठ वर्षांची, तिसरीतली. तिला आपण ओवी म्हणू, नाव अर्थातच बदललंय आणि घरच्यांना विचारूनच हे लिहितेय.

झालं होतं असं की ओवीच्या आजी दरवर्षी वारीला जातात आणि यंदा नातीला जेजुरी ते वाल्हे एवढा एकच टप्पा सोबत घेऊन गेल्या. वाल्ह्याला माऊलींच्या पालखीचा मुक्काम असतो, आणि ते वाल्या कोळ्याचं गाव असं आपल्याकडे मानतात, त्यामुळे रात्री झोपताना आजींनी तीच गोष्ट सांगितली. वाल्या जंगलात वाटमारी करायचा, एक माणूस मारला की एक खडा रांजणात टाकायचा, असे सात रांजण भरले, मग नारदमुनी भेटले, ते म्हणाले घरी जाऊन विचार तुझ्या पापात वाटेकरी कोण होणार, घरचे म्हणाले आम्ही नाही बुवा, मग वाल्याचे डोळे उघडले, राम राम म्हणता येईना म्हणून मरा मरा, अंगावर वारूळ चढलं आणि वाल्याचा वाल्मिकी झाला. आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट.

ओवी म्हणाली, "मग त्या खड्यांचं काय झालं?"

"कसले खडे?"

"रांजणातले. तेवढी माणसं मेली ना? त्यांच्या घरी सॉरी म्हणायला कोण गेलं?"

आजी म्हणाल्या अगं त्याने एवढं तप केलं, देवाने माफ केलं त्याला. त्यावर ही म्हणाली, "देवाला कुठे मारलं होतं त्याने?"

मी हे ऐकून मनातल्या मनात टाळी वाजवली, पण आजींना ते लागलं. रामायण लिहिणाऱ्या ऋषींना शिक्षा करा म्हणते ही पोर! (इथे एक सांगायला हवं, मूळ वाल्मिकी रामायणात हा वाटमारी करणारा वाल्या नाहीच, ही नंतर रुजलेली कथा आहे, आणि वाल्मिकींना दैवत मानणाऱ्या बऱ्याच लोकांना ती आवडतही नाही. ओवीचं भांडण गोष्टीतल्या वाल्याशी होतं, ऋषींशी नाही.) आईच्या मग लक्षात आलं की हे नेहमीचंच आहे, कार्टूनमधला व्हिलन शेवटी रडला, सॉरी म्हणाला आणि सगळे त्याच्यासोबत नाचायला लागले की ओवी रिमोट घेऊन टीव्ही बंद करते. "याला जेल पाहिजे होती." आईची भीती ही की मुलीच्या मनात दयाच नाही की काय. म्हणजे प्रश्न असा, गोष्टीतल्या व्हिलनला पश्चात्ताप झाला तरी त्याला शिक्षा हवीच का?

ही काळजी माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येते बरं का. काही पालक विचारतात की हल्लीच्या गोष्टींत राक्षसालासुद्धा माफ करतात, मग मुलांना वाटणार नाही का की काहीही करा आणि सॉरी म्हणून सुटा? आणि काही विचारतात की आमच्या पोराला माफी पटतच नाही, त्याला बदलाच हवा. दोघांनाही मी आधी एकच विचारते, मूल नक्की काय म्हणालं ते त्याच्या शब्दांत सांगा. कारण आपण "शिक्षा हवी" एवढंच ऐकतो आणि त्याच्या पुढचं ऐकतच नाही.

ओवीला मी कागद दिला आणि म्हटलं वाल्याला तुला हवी ती शिक्षा दे. मला वाटलं फाशी वगैरे काढेल, मुलं काढतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तिने जेल काढली, गज काढले, आत मिशीवाला वाल्या, आणि मग जेलच्या आतच, दाटीवाटीने, सात रांजण. कागद पुरेना तर सातवा मागच्या बाजूला काढला.

"हे आत कशाला?"

"त्याने मोजायचेत. किती ते त्याला माहीत पाहिजे ना."

म्हणजे बघा, तिला वाल्याला मार बसायला नको होता. तिला हिशोब हवा होता.

लहान मुलं शिक्षेच्या बाबतीत कडक असतात हे जुनंच निरीक्षण आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 साली मुलांच्या न्यायबुद्धीवर पुस्तक लिहिलं, त्यात ते मुलांना छोट्या गोष्टी सांगून विचारायचे. एका मुलाला आईने ब्रेड आणायला सांगितलं, तो गेला नाही, रात्री जेवायला ब्रेड कमी पडला. आता त्याला काय शिक्षा करायची? उद्या जत्रेत चक्रीवर बसू द्यायचं नाही, की उरलेला ब्रेड त्याला द्यायचा नाही, की पुढच्या वेळी त्याने मदत मागितली तर आपणही करायची नाही? अगदी लहान मुलं जी जास्त लागेल तिच्याकडे झुकायची, आणि मोठी होत गेली तशी चुकीशी संबंध असलेल्या शिक्षेकडे. आता ओवीचं चित्र परत बघा, आठव्या वर्षी जेल पण आहे आणि रांजण पण आहेत, दोन्ही एकाच कागदावर. मुलगी बरोब्बर मधल्या पायरीवर उभी होती, कठोर बिठोर काही नाही.

पण एवढ्यावर मी थांबले नाही, कारण रिमोट घेऊन टीव्ही बंद करणं हे नुसतं वयाचं नसतं. मागे एक मुलगा यायचा, त्यालाही प्रत्येक व्हिलनला शिक्षा हवी असायची, आणि निघालं काय तर त्यानेच वडिलांच्या पाकिटातून पैसे घेतले होते आणि कुणाला कळलं नव्हतं, शिक्षा तो स्वतःसाठीच मागत होता. म्हणून मी ओवीला विचारलं, तुझ्याकडे आहेत का असे खडे?

ती म्हणाली, "माझ्याकडे डबा आहे."

पुढच्या वेळी घेऊन आली. श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात तीन मावळे, एकाचं मुंडकं वेगळं, एक तुटकी तोफ आणि सुकलेल्या मातीची ढेकळं. आईने तो डबा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

दिवाळीत ओवीने सोसायटीत किल्ला केला होता, माती स्वतः चाळून, मोहरी पेरून, ती उगवावी म्हणून रोज सकाळी शाळेआधी पाणी मारून. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिच्या अकरा वर्षांच्या आतेभावाने मित्रांना दाखवायला म्हणून पळत येऊन त्यावरून उडी मारली आणि ती चुकली. बुरूज गेला, मावळे गेले. मोठी माणसं आली, त्याला म्हणाली सॉरी म्हण, तो म्हणाला, हिला म्हणाली झालं आता, मोठं मन कर. आणि दोन दिवसांनी भाऊबीज. तिने त्याला ओवाळलं. ताटात त्याने टाकलेले शंभर रुपये आत्याने दिलेले होते, हे ओवीने मला दोनदा सांगितलं.

जुलैपर्यंत डबा कपाटात.

आता तुम्ही सांगा, या पोरीला कुठली गोष्ट सांगायची होती? पश्चात्ताप झाला की सगळं विसरायचं, हे तर तिला घरात आधीच शिकवून झालं होतं.

मी तिला अंगुलिमालाची गोष्ट सांगितली. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा, बुद्धांना भेटल्यावर बदलला, भिक्खू झाला. राजा प्रसेनजित त्याला पकडायला फौज घेऊन निघाला होता, पण त्याला भिक्खू झालेला बघून त्याने सोडून दिलं. इथवर वाल्यासारखंच. पण ती कथा इथे संपत नाही. तो श्रावस्तीत भिक्षा मागायला जातो तेव्हा त्याला दगड, काठ्या लागतात, डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, अंगावरचं चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, फाटतं, आणि तसाच रक्ताळलेला तो परत येतो तेव्हा बुद्ध त्याला सांगतात की हे सोस. लोकांना जाऊन कुणी सांगत नाही की अहो तो आता सुधारलाय, मोठं मन करा.

ओवी बराच वेळ गप्प. मग विचारलं, "त्याने उलट मारलं?"

"नाही."

"मग ठीक आहे."

बस एवढंच. जेलचं नावही काढलं नाही.

म्हणून गोष्टीतल्या पश्चात्ताप झालेल्या व्हिलनला शिक्षा हवी का, याला माझं उत्तर, नसली तरी चालते. पण ज्यांना त्रास झाला ती माणसं शेवटच्या पानावर गायब करायची नाहीत. सिंड्रेलाचंच बघा, फ्रान्सच्या पेरोने 1697 मध्ये छापलेल्या गोष्टीत बहिणी पाया पडून माफी मागतात आणि ती माफ करून वर त्यांची लग्नंही लावून देते, आणि ग्रिम बंधूंच्या 1819 च्या आवृत्तीत कबुतरं त्या बहिणींचे डोळे फोडतात. मी दोन्ही शेवट मुलांना सांगून बघते. डोळ्यांवर मुलं ईईई करून हसतात, पण पेरोच्या शेवटावर प्रश्न जास्त येतात, मग त्यांनी तिला परत कधी भांडी घासायला लावली का, तिचं आधीचं काम कोणी केलं. मला हे प्रश्न फार आवडतात. पालकांनी त्यावर घाईने उत्तर देऊ नये, मुलालाच विचारावं की तुझ्या गोष्टीत काय होईल?

ओवीने वाल्याचा शेवट बदलला. वाल्या जेलमध्ये नाही. रोज एक खडा घेऊन एका घरी जायचं, दार वाजवायचं आणि सांगायचं हा तुमचा.

"आणि त्यांनी दार उघडलंच नाही तर?"

"मग उद्या परत जायचं."

"आणि उघडून त्याला ओरडले तर?"

"ऐकायचं." थोडं थांबून म्हणाली, "पण मारायचं नाही हं. मारलं तर परत खडे होतील."

घरच्यांशी बोलताना मी आतेभावाला ओरडू नका असं स्पष्ट सांगितलं, आठ महिन्यांनी ओरडून त्या बिचाऱ्याला काय कळणार होतं, तो तर विसरूनही गेला होता. फक्त आत्याने त्याला एवढं सांगावं की ओवीने तुकडे जपून ठेवलेत, आणि त्याने स्वतः जाऊन विचारावं की मी काय करू. आणि ओवीवर कसलीही सक्ती नाही, मिठी नाही, शेकहँड नाही, हे मी आजींना दोनदा बजावलं. आजी म्हणाल्या, "बाई, आमच्या वेळी असलं काही नव्हतं," पण मान्य केलं.

तो गेला. डबा बघून म्हणे बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला एवढे तुटले होते? ओवीने त्याला यादी दिली, तीन मावळे, एक तोफ, आणि दोन घमेली माती, चाळलेली.

यंदाच्या दिवाळीत आईने मला किल्ल्याचा फोटो पाठवला. माती त्याने वाहिली, बुरूज त्याला थापू दिला, मोहरीला पाणी घालायची पाळी पण त्याची लागली होती. महाराज मात्र ओवीनेच बसवले, त्याला हात लावू दिला नाही. खाली आईने लिहिलं होतं की डबा अजून कपाटातच आहे, मुंडकं तुटलेला मावळा सोडून बाकीचे दोन तिने फेविक्विकने चिकटवून किल्ल्यावर उभे केलेत.