वाचकांचे प्रश्न, त्वचातज्ज्ञांची उत्तरं : नायटा एवढा चिवट का झाला?

नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा, दाद म्हणा, आजार एकच : त्वचेला होणारा बुरशीचा संसर्ग. या अंकात त्याच्याबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय ३४. वर्षभर कमरेवर आणि जांघेत नायटा आहे. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की तीन-चार दिवसांत खाज थांबते, चट्टाही फिका पडतो. ट्यूब संपली की पंधरा दिवसांत आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. माझ्या रक्तातच काही दोष आहे का? (सांगली)

रक्ताआधी ट्यूब तपासू. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठी करा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड समजा. त्याच्या जोडीला बहुधा मायकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोल हे बुरशीनाशक आणि निओमायसिन किंवा जेंटामायसिन हे जिवाणूनाशक असतं. अशा तीन-चार औषधांच्या खिचडीला नायट्यावर काही काम नाही.

चट्ट्याची लाली आणि खाज म्हणजे बुरशीला हुसकावण्यासाठी त्वचेने दिलेली झुंज. स्टिरॉइड ती झुंज मोडतं, म्हणून चार दिवसांत आराम वाटतो. बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. कडेची लाल, खवल्यांची वर्तुळाकार रेघ पुसट होते आणि पुढचा डॉक्टर त्याला इसब समजून पुन्हा स्टिरॉइडच लिहून देण्याची शक्यता वाढते. जांघेतली त्वचा पातळ असते, घडीमुळे मलम तिथे जास्त मुरतं. काही आठवड्यांत गुलाबी, मग पांढरे असे ताणाचे पट्टे उमटतात. ते कायमचे राहतात. आरशात मांडीच्या आतल्या बाजूला असे पट्टे दिसतात का, आजच पाहा.

ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज उसळते. नेमक्या याच दिवसांत लोक धीर सोडून परत मेडिकल गाठतात. त्या काळापुरती रात्री घ्यायची खाजेची गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बुरशीची तपासणी करून घ्या. चट्ट्याच्या मधून नव्हे, तर सरकत्या कडेवरून बोथट पात्याने खवले खरवडतात, काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, १०-२० मिनिटं थांबतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. निकाल बहुतेकदा त्याच भेटीत कळतो. जाण्याआधी दोन-चार दिवस बुरशीनाशक मलम लावलं असेल तर धागे कदाचित सापडणार नाहीत, तेव्हा तसं आधी सांगा.

२०१८ साली १४ स्टिरॉइडची लावायची औषधं शेड्यूल एच मध्ये आली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा कागदावर आहे. दुकानदाराला मलमाचं नाव न सांगता ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं की काय हातात पडतं, ते तुम्ही लिहिलंच आहे.

प्रश्न : वडिलांना वीस वर्षांपूर्वी टर्बिनाफिनच्या पंधरा गोळ्यांत आराम पडला होता. मला तीच गोळी महिनाभर घेऊन फरक नाही. गोळ्या बनावट येतात का? (लातूर)

गोळीपेक्षा बुरशी बदलली आहे. वडिलांच्या काळात भारतात मुख्यतः ट्रायकोफायटॉन रुब्रम सापडायची. आता जिचा बोलबाला आहे तिला जपानी संशोधकांनी २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव दिलं. ज्या रुग्णांच्या नमुन्यांवरून ती ओळखली ते भारत आणि नेपाळमधले होते, म्हणून नावात ‘इंडो’. मिरवावा असा हा मान नाही. ती युरोप-अमेरिकेतही पोहोचली आहे. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाला नायटा बरा होत नसेल तर त्याने तिथल्या डॉक्टरांना हे नाव जरूर सांगावं, कारण साध्या कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, ही बुरशी जवळच्या दुसऱ्या जातींसारखीच दिसते आणि खात्रीसाठी जनुकीय तपासणी लागते.

टर्बिनाफिन बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या एंझाइमला कुलूप लावतं. या एंझाइमशिवाय बुरशीला पेशीचं आवरण बांधता येत नाही. इंडोटिनीच्या बऱ्याच नमुन्यांत या एंझाइमच्या जनुकात एका अमिनो आम्लाची अदलाबदल झालेली आढळते, बहुधा ३९३ किंवा ३९७ या जागी. कुलपाची खाच बदलली की किल्ली बसत नाही, मग गोळी १५ दिवस घ्या की ३०.

रुग्णांवर याचा परिणाम किती होतो, ते बनारस हिंदू विद्यापीठातल्या चाचणीने दाखवलं. ती २०२० साली प्रसिद्ध झाली. २०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी ५०-५० अशी चार गटांत विभागणी केली आणि प्रत्येक गटाला एकच बुरशीनाशक औषध पोटातून दिलं. ८ आठवड्यांनी इट्राकोनाझोलच्या गटात ६६ टक्के, फ्लुकोनाझोलच्या ४२, टर्बिनाफिनच्या २८ आणि ग्रिसिओफुल्विनच्या गटात १४ टक्के रुग्ण बरे झाले. चौथ्या आठवड्याला एकाही गटाची मजल ८ टक्क्यांपुढे गेली नव्हती. तुमचा ‘महिनाभर’ इथे ताडून पाहा. शिवाय टर्बिनाफिनचा डोस वजनाच्या दर किलोला ७.५ मिलिग्रॅम होता, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४५० मिलिग्रॅम. नेहमीची गोळी २५० ची असते. डोस वाढवूनही आकडा २८ वरच थांबला.

या चाचणीला मर्यादा आहेत. कोण कोणतं औषध घेतो ते डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं आणि रुग्ण एकाच केंद्रातले होते. ६६ टक्के हा आकडाही फार खुश होण्यासारखा नाही, तीनातला एक जण ८ आठवड्यांनी बरा नव्हताच. तरीही आपल्याकडचे बहुतेक त्वचातज्ज्ञ आज इट्राकोनाझोलकडे का वळतात, ते यातून कळतं.

आता इट्राकोनाझोल घेताना कुठे चुकतं ते पाहू. मोठ्यांना सहसा १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा देतात आणि ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची असते. हे औषध जठरातल्या आम्लातच विरघळतं. म्हणून सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेणाऱ्याच्या अंगात ते नीट मुरत नाही. कॅप्सूल महागडी, पण ती पोटातून तशीच निघून जाते. पॅन्टोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन हे मळमळीचं औषध असलेली कॅप्सूल घराघरात असते, तिचा धोका दुहेरी आहे. इट्राकोनाझोलमुळे रक्तातलं डोम्पेरिडोन वाढतं आणि हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ही जोडी टाळायचीच. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन चालत नाही, अॅटोर्वास्टॅटिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हृदय कमकुवत असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे औषध घेऊ नये. पायांवर सूज, दम लागणं, लघवी गडद पिवळी होणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टरांना दाखवा. महिन्याहून जास्त चालणार असेल तर यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

आणखी एक भानगड कॅप्सूलच्या आत आहे. औषध बारीक गोल दाण्यांवर लेपलेलं असतं आणि दाण्यांची संख्या, आकार, दर्जा कंपनीगणिक बदलतो. म्हणून मध्येच ‘तेच आहे, स्वस्तात’ म्हणून ब्रँड बदलू नका.

प्रश्न : डॉक्टरांनी लुलिकोनाझोल या बुरशीनाशक मलमाची ट्यूब दिली, महिनाभर पुरवून वापरली. गुण नाही. (चिपळूण)

‘पुरवून’ हाच शब्द खटकला. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर लांबीने पिळलेलं मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्टे मिळून चार तळहात भरत असतील तर एका वेळी १ ग्रॅम लागतं. १० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर १० दिवसांत संपायला हवी, महिनाभर पुरली याचा अर्थ गरजेच्या एक तृतीयांशच मलम लावलं गेलं. चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा सपाट झाल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवा. अंगावरच्या बारीक लवीच्या मुळांत बुरशी शिरली असेल तर मलम तिथवर पोहोचत नाही, तेव्हा पोटातून औषध लागतंच.

प्रश्न : घरात पाच जणांना आळीपाळीने होतो. कपडे डेटॉलमध्ये भिजवतो. (कोल्हापूर)

डेटॉलवरचा खर्च वाचवा. ६० अंशांच्या पाण्यात कपडे धुणं, कडक उन्हात उलटे करून वाळवणं आणि शिवणींवर इस्त्री फिरवणं, एवढं पुरतं. रुग्णाचे कपडे, टॉवेल, चादर बाकीच्यांच्या ढिगात मिसळू नका. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात कपडे चार चार दिवस दमट राहतात, तेव्हा तर अंतर्वस्त्रांना इस्त्री हवीच. जीन्स आणि घट्ट लेगिंग्ज औषध संपेपर्यंत कपाटातच बऱ्या.

कमरेचा करदोडा काढा. घाम आणि साबण धरून ठेवणारा हा दोरा नेमका चट्ट्यावरून जातो. धार्मिक कारणाने नकोसं वाटत असेल तर निदान उपचारापुरता उतरवा आणि नंतर नवा बांधा. परकराच्या नाडीचंही तेच, ती रोज वेगळ्या जागी बांधली तरी फरक पडतो. मुख्य म्हणजे पाचही जणांनी एकाच वेळी उपचार घ्या. आळीपाळीने औषध घेतलं तर बुरशीही आळीपाळीने फिरते.

प्रश्न : एका सरकारी रुग्णालयात नायट्याच्या औषधाच्या चाचणीत सहभागी व्हाल का, असं विचारलं. घरचे म्हणतात, आपल्यावर प्रयोग करतील. (पुणे)

प्रयोग तर करतीलच, पण नियमांच्या चौकटीत, आणि ती चौकट तुम्ही तपासू शकता. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर होते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे टाकून पाहा. कोणतं औषध, किती रुग्ण, किती आठवडे, सगळं उघड दिसतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर घरी या.

माहितीपत्रक मराठीत मिळायला हवं. ते घरी नेऊन वाचा, सही केल्यावर एक प्रत स्वतःकडे ठेवा. त्यात चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीचा संपर्क असतो. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे मोफत उपचार मिळतात आणि इजा चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाईही मिळते. (याच नियमांत एक जाणतं कलम आहे. दुर्बल गटातल्या रुग्णांची नव्या औषधासाठीची संमती चित्रफितीत नोंदवावी लागते, पण कुष्ठरोग आणि एचआयव्हीच्या औषधांसाठी फक्त आवाज नोंदवतात. चेहरा दिसू नये, हा हेतू.)

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका गटाला नुसतं बिनऔषधी मलम मिळणार का? ‘बरा झाला’ कशाला म्हणणार, फक्त डोळ्यांनी पाहून की खवल्यांची तपासणीही करून? बरं झाल्यावर किती आठवडे बोलावणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आज कोरडा दिसणारा नायटा दोन महिन्यांत परततो, आणि जी चाचणी औषध संपलं त्याच दिवशी गुंडाळते ती परत आलेले रुग्ण मोजतच नाही. दिल्लीत इट्राकोनाझोलचे रोज १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम असे तीन डोस तुलनेला घेतले, तेव्हा ४०० ने चट्टे लवकर गेले, पण आजार परतण्याच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. बरं झाल्यावरही रुग्णांवर लक्ष ठेवलं नसतं तर ४०० चा डोस सरसकट रूढ झाला असता.

प्रश्न : बारावीतली मुलगी पिंपलांवर आणि गोरं दिसायला नायट्याचंच मलम चेहऱ्याला लावते. (नागपूर)

आजच थांबवा. अशा मलमात बहुधा स्टिरॉइड असतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइड मलम लावत होते, त्यातले बरेच गोरेपणासाठी. बंद केल्यावर चेहरा लाल होईल, भाजेल, पुरळ उठेल. हे काही आठवडे चालतं. घाबरून परत लावू देऊ नका, त्वचातज्ज्ञांकडे न्या. तोवर साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन पुरे. फेशियल, ब्लीच, स्क्रब काही नको. लिंबू किंवा लसूणही चोळू देऊ नका, लसणाने भाजल्याचे फोड येतात.