मोफत वकील वडिलांनाही मिळतो

प्रश्न : मी नाशिकला मालकाचा टेम्पो चालवतो, महिन्याला १४,००० रुपये मिळतात. दीड वर्षापासून बायको सहा वर्षांच्या मुलाला घेऊन छत्रपती संभाजीनगरला माहेरी आहे. तिने तिथल्या कौटुंबिक न्यायालयात पोटगीचा अर्ज केलाय, समन्स आलंय. आठ महिने मुलाचं तोंड पाहिलं नाही. वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि मोफत वकील फक्त बायकांना मिळतो म्हणतात. मुलाला दाखवत नाही तोवर पैसे देऊ नको, असं घरचे सांगतात. काय करू?

उत्तर : भाऊ, हा गैरसमज मी इतक्या बापांच्या तोंडून ऐकलाय की आधी तोच दूर करतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे खरं. पण त्याच कलमात कमी उत्पन्नाचा कोणीही बसतो. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे; तुमचे होतात १ लाख ६८ हजार. (अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर उत्पन्नाची अटच नाही.) तुमच्या पत्नीनेही मोफत वकील घेतला असेल तरी तुमचा हक्क जात नाही.

संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा. आधार कार्ड, समन्सची प्रत आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला न्या. दाखल्याला वेळ लागत असेल तर अडून बसू नका, कलम १३ प्रमाणे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं धरता येतं. काही अडलं तर १५१०० वर फोन करा. नेमलेल्या वकिलाला तुमच्याकडून फी घेता येत नाही. मागितली तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार द्या. आणखी एक : कौटुंबिक न्यायालयात वकील देण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला सांगा.

आता पैशांचं. घरच्यांचं हे ऐकू नका, कळकळीने सांगतो. पोटगी आणि भेट या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. आदेश झाल्यावर पोटगी थकली तर वॉरंट निघतं, तुरुंगवासही होऊ शकतो. आज जमेल तेवढी रक्कम पत्नीच्या खात्यावर पाठवायला लागा, रोख देऊ नका. मिळकतीचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागेल, त्यात भत्त्यासकट सगळं खरं लिहा. लपवलेलं उघडं पडलं की पुढे भेटीच्या अर्जातही तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

मुलासाठी पालक व पाल्य कायदा, १८९० खाली अर्ज करता येतो, तोही मूल राहतं तिथेच, म्हणजे संभाजीनगरला. माझं मत विचाराल तर आज ताबा मागू नका. मूल पाच वर्षांच्या वर गेलं म्हणून ते आपोआप बापाकडे येत नाही. न्यायालय त्याचं हित पाहतं, आणि आठ महिने न दिसलेल्या बापाकडे त्याला एकदम सोपवणार नाही. आधी अंतरिम भेट, म्हणजे निकाल लागेपर्यंतची भेट, मागा : महिन्यातून दोन रविवार, आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, दिवाळीचे काही दिवस. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की आई-वडील दोघांची माया हा मुलाचा हक्क आहे. तुमच्या वकिलाला हा निकाल जोडायला सांगा.

सुरुवातीच्या भेटी न्यायालयाच्या आवारातच ठरल्या तर नाराज होऊन परत फिरू नका, प्रत्येक भेटीला वेळेवर जा. शाळेतून मुलाला परस्पर मात्र आणू नका. आणि समन्सवरची तारीख चुकवू नका, वकील मिळाला नसला तरी स्वतः हजर राहून मुदत मागा.