वाचक विचारतात : लेस्टरचा शोक

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा गेले तेव्हा अख्खं शहर रडलं, असं वाचलं. अपघात कशामुळे झाला? आणि श्रद्धांजलीच्या सामन्यात गोल करणाऱ्याला कार्ड का दाखवलं?

उत्तर : २७ ऑक्टोबर २०१८ रोजी वेस्ट हॅमबरोबरचा सामना संपल्यावर त्यांचं हेलिकॉप्टर मैदानातूनच उडालं आणि काही क्षणांत शेजारी कोसळलं. पाचही जण दगावले. शेपटीच्या पंख्याच्या नियंत्रण-दांड्यावरचं बेअरिंग जाम झालं. एरवी न फिरणारा दांडा मग पंख्याबरोबर फिरू लागला, नट सुटला आणि पायलटच्या पेडलचा पात्यांशी संबंधच तुटला. यंत्र उजवीकडे गरगरू लागलं. अशा वेळी कितीही कसलेला पायलट असो, हाती काही उरत नाही.

मैदानाबाहेर फुलं, स्कार्फ आणि गणपतीची तसबीरही होती. साउदॅम्प्टनबरोबरचा चषक सामना पुढे ढकलला. ३ नोव्हेंबरला कार्डिफमध्ये मात्र खेळाडू उतरले. लेस्टरच्या डेमराय ग्रेने एकमेव गोल केला आणि जर्सी काढून आतल्या बनियनवरचं विचाईंचं नाव दाखवलं. जर्सी काढली की पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद, द्यावंच लागतं. नियमात पंचाला सवलत नाही. आपल्या मंडळांनी श्रद्धांजली द्यायची तर दंडावर काळी फीत आणि सामन्याआधी मौन हेच बरं.

१० नोव्हेंबरला बर्नलीविरुद्धच्या घरच्या सामन्याआधी हजारो लोक शहरातून मैदानापर्यंत चालत गेले. पदयात्रेचं नाव ‘५०००-१’ : लेस्टरच्या २०१५-१६च्या प्रीमियर लीग विजेतेपदावर सट्टेबाजांनी दिलेला भाव, म्हणजे एकाला पाच हजार.